बाजारातल्या मांजरांबद्दल गोव्यातल्या पालिका आणि पंचायतींना खुलं पत्र

प्रति,
गोव्यातल्या १३ नगरपालिका, पणजी महानगरपालिका आणि १९१ पंचायती, म्हणजे नगराध्यक्ष, मुख्याधिकारी, नगरसेवक, सरपंच, पंच, सचिव सगळेच.

सप्रेम नमस्कार.

आधीच सांगते, हे पत्र कुत्र्यांबद्दल नाही. "भटकी जनावरं" असा शब्द काढला की मीटिंगमधले सगळे जण कुत्र्यांवर घसरतात, कोणाला कुठे चावलं ते सांगून होतं, मग चहा येतो आणि विषय पुढच्या मीटिंगला जातो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने दिल्लीच्या कुत्र्यांबद्दल आधी सगळी उचलून शेल्टरमध्ये टाका म्हटलं आणि अकरा दिवसांनी त्यात बदल केला, तेव्हापासून तर विचारूच नका. मांजराचा त्यात कोणी उच्चारही करत नाही. मांजर चावत नाही (चावतं, पण आपण हात घातल्याशिवाय नाही), रात्री स्कूटरच्या मागे धावत नाही, त्यामुळे त्याच्या नावाची फाइलच उघडत नाही. आणि एकदम उघडते ती कोणी मोठा पाहुणा बाजार बघायला येणार असतो तेव्हा.

मी बार्देस तालुक्यात राहते. शाळेत शिकवायचे, आता रिटायर होऊन सहा वर्षं झाली. रोज सकाळी बाजारात जायची सवय आहे आणि त्या सवयीतूनच हे मांजरांचं प्रकरण माझ्या गळ्यात पडलं. आमच्या मासळीच्या शेडमागे बर्फ फोडायची जागा आहे, तिथे कायम बारा-चौदा मांजरं. गावाचं नाव लिहीत नाही, कारण असा बाजार तुमच्यापैकी प्रत्येकाच्या हद्दीत आहे आणि तिथे जे झालं ते कुठेही होऊ शकतं.

झालं असं, की गेल्या वर्षी मार्चमध्ये एका सकाळी गेले तर शेडमागे एकही मांजर नाही. मासळीवाल्या मावशीला विचारलं तर ती खापांतून डोकं वर न काढता म्हणाली, "काल रातीं पोत्यांत घालून व्हेलीं." कंत्राटाची दोन माणसं आणि एक पिकअप. कुठे नेली? पुलापलीकडे. म्हणजे नक्की कुठे ते तिलाही माहीत नव्हतं, त्या माणसांनाही धड सांगता आलं नाही, नदी ओलांडली की मांजराला परतीची वाट सापडत नाही असं आपल्याकडे म्हणतात ना, तेवढ्या भरवशावर सोडून आली होती.

तिसऱ्या दिवशी बर्फाच्या रिकाम्या क्रेट्सखालून आवाज यायला लागला. चार पिल्लं, डोळे नुकते उघडलेले, आई पोत्यातून पुलापलीकडे. त्यातली दोन वाचली, ती माझ्या घरी आहेत आणि आत्ता हे लिहिताना एक कीबोर्डवर बसायला बघतंय. दोन नाही वाचली. तो पाहुणा आला, फोटो काढून गेला, आणि गणेश चतुर्थीपर्यंत शेडमागे परत दहा मांजरं झाली होती. वेगळी दहा. आधीच्या मांजरांना मी चेहऱ्याने ओळखायचे, ह्या नव्यांमध्ये त्यातलं एकही नव्हतं.

असं का होतं हे समजायला व्हेटची डिग्री लागत नाही. मांजरं तिथे राहतात कारण तिथे बांगड्याची डोकी पडतात. मांजरं नेलीत, डोकी तिथेच राहिली. मग आजूबाजूच्या वाड्यांवरची मांजरं आत सरकतात आणि भरपूर खायला मिळालं की त्यांची पिल्लं जास्त जगतात. शिवाय बाजार म्हणजे गावाचं अनाथालय. घरातल्या मांजरीला पिल्लं झाली की लोक ती पिशवीत घालतात आणि मासळी मार्केटला आणून सोडतात, "तिथे खायला मिळेल, मरणार नाहीत." ह्याच्या मुळाशी आपलं ते जुनं आहे, मांजर मारलं तर सोन्याचं मांजर करून काशीला दान द्यावं लागतं. म्हणून मारत कोणी नाही. सोडतात. आणि सोडण्याला पाप नाही असं सगळ्यांनी धरून ठेवलंय. मांजरी पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात, आपण तिला आठवं दाखवतो ते बाजाराचं.

बरं, कायद्यात सोडणं गुन्हा आहे. १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदा, त्याच्या कलम ११ मध्ये उपाशी मरेल अशा अवस्थेत जनावर सोडून देणं बसतं. पहिल्या गुन्ह्याला दंड किती माहितीय? १० ते ५० रुपये. १९६० सालचे रुपये, तसेच आजपर्यंत. बाजारात भाजी-पाव खाऊन वर चहा घेतला तर पन्नास रुपयांत भागत नाही आता. त्यामुळे दंडाची भीती दाखवून काही होणार नाही, पण "इथे मांजर सोडणे गुन्हा आहे" एवढा बोर्ड आणि त्याच्यावर एक कॅमेरा लावला तर लाजेने तरी चार लोक थांबतील. गाव लहान आहे, कोण कोणाचं सगळ्यांना कळतं.

आता मुद्द्याची गोष्ट, नसबंदी. मोकाट मांजरांची संख्या मारहाण न करता कमी करायचा दुसरा रस्ता मला सापडलेला नाही आणि मी बरीच शोधाशोध केलीय. पकडायचं, ऑपरेशन करायचं, रेबीजचं इंजेक्शन द्यायचं, भूल असतानाच एका कानाचं टोक सरळ कापायचं आणि जिथून उचललं तिथेच परत सोडायचं. कानाचं टोक कापलेलं लांबून दिसतं, त्यामुळे तेच मांजर परत पकडून परत भूल देणं टळतं. काही लोकांना कान कापणं क्रूर वाटतं. मलाही पहिल्यांदा वाटलं होतं, मग एक भाटी, म्हणजे मांजरी, दुसऱ्यांदा पोट उघडून टेबलावर पडलेली बघितली, आधीच झालेलं होतं तिचं. तेव्हापासून नाही वाटत.

हिशोब करून बघा. भाटी चार-पाच महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते, गाभण राहिली की साधारण ६३ ते ६५ दिवसांत विते, एका वेळी तीन ते पाच पिल्लं, वर्षाला दोन-तीन वेळा. त्यातली बरीच मरतात, विशेषतः मे महिन्यात झालेली, कारण पंधरा दिवसांत पाऊस लागतो. त्या मरण्यावरच आजपर्यंत आपला सगळा "कंट्रोल" चाललाय. बाजारात जूनच्या पहिल्या आठवड्यात गटाराच्या कडेला काय काय दिसतं ते झाडूवाल्या बायांना विचारा, कार्यालयात बसून कळणार नाही.

आणि हे अर्धवट करून चालत नाही. एका जागेवरच्या निम्म्या भाट्यांची केली तर उरलेल्या निम्म्या वर्षभरात ती जागा भरून काढतात आणि मग तुम्हीच म्हणता बघा, पैसे खर्च केले, काही फरक पडला नाही. एक बाजार घेतला की तो पूर्ण करायचा, मग दुसऱ्याकडे वळायचं. दहा ठिकाणी दोन-दोन मांजरं करून फोटो काढणं म्हणजे पैसे पाण्यात. आमच्या बाजारात मी दोन वर्षांत नऊ केली स्वतःच्या खिशातून, एका भाटीमागे तीन हजारांच्या आसपास गेले औषधं धरून, आणि नऊवर दमले कारण पेन्शन तेवढीच आहे. त्या नऊपैकी पाच त्या पोत्यांतून गेली. ऑपरेशन झालेली, कान कापलेली, ज्यांना कधी पिल्लं होणारच नव्हती अशी पाच मांजरं पालिकेने पेट्रोल खर्चून हलवली आणि त्यांच्या जागी पिल्लं घालणारी आणली. रागावर जाऊ नका, पण ह्याला काय म्हणायचं?

लोक म्हणतात दत्तक द्या, शेल्टर बांधा. लहान पिल्लांचं ठीक आहे, पहिल्या दीड-दोन महिन्यांत माणसाचा हात लागला की ती माणसाळतात, त्यांना घरं शोधता येतात. पण बाजारात जन्मून बाजारात वाढलेला तीन वर्षांचा बोका कोणाच्या सोफ्यावर बसणार नाही, त्याला पिंजऱ्यात टाकलंत तर खाणं सोडतो, आणि पन्नास मांजरं एका खोलीत ठेवली की डिस्टेंपरचा रोग (मांजरांचा, पॅनल्युकोपेनिया म्हणतात तो) घुसला तर आठवड्यात पिल्लं एकामागून एक मरतात. त्यांना जिथे आहेत तिथेच राहू द्या, फक्त वाढू देऊ नका.

आता मी जे सांगायला हे सगळं लिहायला घेतलं ते. आपल्याकडे ह्या कामाचा मुहूर्त ठरलेला आहे आणि तो मासळीने ठरवलाय. १ जून ते ३१ जुलै, मासेमारी बंदीचे ६१ दिवस.

मांजर पकडणं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. कुत्र्यासारखं जाळं टाकून होत नाही. पिंजरा लावायचा, तळाला वर्तमानपत्र, अगदी मागच्या टोकाला वास येणारं काहीतरी, आणि मग लांब बसून वाट बघायची. ऑक्टोबर ते मे मध्ये आमच्या शेडमागे लावलेला पिंजरा म्हणजे मांजरांना गंमत. तारल्यांचा ढीग बाजूला पडलेला असताना पिंजऱ्यातला तुकडा खायला कोण जाईल? एकदा मी चार तास बसले, एक बोका आला, पिंजऱ्याच्या टपावर चढून बसला आणि अंग चाटत राहिला. पण परवाच्या जूनमध्ये, पाऊस पत्र्यावर असा कोसळत होता की बाजूच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं, ट्रॉलर बंद, निम्मे कट्टे रिकामे, नुसती नदीतली थोडी मासळी आणि बाहेरून आलेली, आणि बायका पुरुमेंताचं, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवायचं, सुकं विकत बसलेल्या. मी सुक्या बांगड्याचा तुकडा तव्यावर जरा भाजून नेला होता, वास सुटावा म्हणून. पिंजरा लावून मागे वळते न वळते तोच करड्या भाटीने आत मान घातली. पुढचे दोन पाय आत, थांबली, कान मागे. मग पोट जमिनीला टेकवत पुढे, मागचा पाय त्या पत्र्याच्या पट्टीवर पडला आणि खट्. लगेच वरून जुनी चादर टाकायची, अंधार झाला की धडपड थांबते. चादर नसेल तर नाक फोडून घेतात जाळीवर. एका सकाळीत तीन मिळाली तेव्हा, हंगामात महिनाभरात मिळत नाहीत तेवढी.

म्हणजे भूक आपल्या बाजूने काम करते. आणि दोन महिने शेडमधले निम्मे कट्टे रिकामे असतात, त्यामुळे ऑपरेशननंतर एक-दोन दिवस ठेवायला कोरडी, छप्पर असलेली जागा पालिकेच्याच मालकीची तयार आहे. पावसाळ्यात टाका ओला होतो म्हणून बरेच जण जूनला नको म्हणतात, खरंय, पण टाका ओला होतो तो लगेच बाहेर सोडलं तर. भाटीला एक रात्र तरी कोरड्यात ठेवा, बोक्याचं काम सोपं असतं, तो दुसऱ्या सकाळी जातो. फक्त एक बघायचं, पकडलेल्या भाटीला दूध असेल तर तिची पिल्लं कुठेतरी वाट बघत असणार, तिला डॉक्टर सांगतील तेवढ्या लवकर सोडायचं किंवा आधी पिल्लं शोधायची. हे पोत्यावाल्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

किनाऱ्यावरच्या पंचायतींसाठी तर हे आणखी सोपं आहे. शॅकवाले (वाळूवर हंगामापुरती हॉटेलं घालणारे) हंगामभर मांजरांना किंगफिशच्या काट्यांवर पोसतात, पाहुणे मांडीवर घेऊन फोटो काढतात, मे संपला की शॅक मोडतात, बांबू आणि ताडपत्री ट्रकमध्ये जातात आणि मांजरं रिकाम्या वाळूवर. पहिल्या पावसात ती गावात घुसतात आणि मग पंचायतीत तक्रारी. परवानगी देताना एक अट घाला ना, हंगाम संपायच्या आधी तुझ्या शॅकवरच्या मांजरांचे कान दाखव. म्युझिक सिस्टिम, सनबेड सगळ्याला अटी आहेत, ह्याला पण एक. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे कासवं अंडी घालतात, तिथल्या वन खात्यालाही हे हवंच असेल, कारण वाळूतून निघालेलं कासवाचं पिल्लू मांजराला दिसलं तर ते सोडणार नाही. पक्षी, पाली, सरडे, सगळं मारतं मांजर, मी मांजरप्रेमी असून सांगते. म्हणून तर संख्या कमी हवी.

कायदा आड येतो का? नाही. २००१ चे एबीसी, म्हणजे जनावरांच्या जन्मनियंत्रणाचे, रूल्स होते त्यांच्या नावातच कंसात "डॉग्ज" होतं. २०२३ च्या मार्चमध्ये नवे आले त्यातून तो कंस गेला, आता ते ॲनिमल बर्थ कंट्रोल रूल्स. त्यातल्या नियम २० मध्ये तर कम्युनिटी ॲनिमल्सना (वस्तीतल्या, मालक नसलेल्या जनावरांना) खायला घालायची जागा आणि वेळ ठरवायची जबाबदारी रहिवासी संघटना किंवा स्थानिक संस्थेच्या प्रतिनिधीवर टाकलीय. आणि हे काही न करता मांजरांना विष घालणाऱ्यांसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ आहे, पाच वर्षांपर्यंत कैद. तिथे दंड पन्नास रुपये नाही.

कुत्र्यांचं आपल्याला जमलं हे विसरू नका. मिशन रेबीज ह्या संस्थेची पोरं हातात जाळी घेऊन वाड्यावाड्यावर फिरायची, प्रत्येक कुत्र्याची नोंद मोबाइलच्या ॲपवर, आणि २०२१ मध्ये सरकारने गोवा रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर केलं. ते काही आकाशातून पडलं नाही, पशुसंवर्धन खातं, संस्था, पंचायती एकत्र बसल्या म्हणून झालं. संस्था आजही आहेत, आसगावला, शिवोलीला, कुडचड्याला. त्यांच्याकडे डॉक्टर आहेत, त्यांच्यावर कामाचा डोंगर आहे, तुमच्याकडून हवंय ते जागा, गाडी आणि ऑपरेशनचे पैसे. पैसे देताना कान मोजून द्या. म्हणजे बाजारातलं एखादं माणूस साक्षीला ठेवा, कागदावर चाळीस आणि शेडमागे चार असा प्रकार टेंडरांमध्ये कसा होतो ते मी तुम्हाला काय सांगणार.

इटलीत १९९१ चा कायदा आहे, मोकाट मांजरांची नसबंदी करून त्यांना त्यांच्या जागेवर परत सोडायचं. रोममध्ये जुन्या देवळांच्या भग्न अवशेषांत मांजरं राहतात आणि त्यांना सांभाळणाऱ्या बायकांना लोक मान देतात. आपल्याकडे युरोपचा पासपोर्ट काढायला रांगा लागतात, तर त्यांचं हेही थोडं घेऊ.

आमच्या लोकांचीही चूक सांगते, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलं. खायला घालणारे आम्ही काही शहाणे नाही. रात्री प्लास्टिकच्या प्लेटमध्ये भात-कालवण घालून निघून जातात, सकाळी तिथे मुंग्या, उंदीर आणि कावळे, आणि ज्याच्या दुकानासमोर हे होतं त्याच्या शिव्या मांजरांना. एका काकांचं तर खायला घालायचं ठिकाण फार्मसीच्या पायरीवर होतं. वेळ ठरवा, अर्ध्या तासात ताट उचला, बाजाराच्या मागे एक कोपरा ठरवून द्या, आणि जो खायला घालतो त्याचं नाव पालिकेकडे लिहून घ्या. नाव लिहिलं की जबाबदारी येते, आणि पिंजरा लावायचा दिवस आला की सगळ्यांना फोन करून सांगता येतं, आज कोणी खायला घालू नका. एकाने जरी गुपचूप घातलं तरी सगळी सकाळ वाया जाते.

मासळीवाल्या मावशीचं मात्र वेगळं आहे. तिला मी विचारलं होतं, ही मांजरं तुझी का? तर म्हणाली, "म्हजीं न्हय, पूण उपाशीं कशीं दवरूं?" (माझी नाहीत, पण उपाशी कशी ठेवू?) तिच्या कट्ट्याखाली एक डबा असतो, त्यात ती दुपारी जाताना कल्ले आणि आतडी घालते. बंदीच्या दिवसांत तिचाच धंदा निम्मा, तरी डबा असतो. ती गेल्या महिन्यात मला म्हणाली, तूं जूनांत ये, हांव धरून दितां. तिच्या पायाशी ती सगळी येतात, त्यामुळे तिच्यासारखी मदतनीस तुम्हाला कुठल्या एजन्सीकडून मिळायची नाही.

तर तुमच्याकडून एक ठराव हवाय, एप्रिलच्या आत, म्हणजे मेमध्ये डॉक्टर आणि गाडीची तारीख ठरवता येईल. तोपर्यंत एकही मांजर पोत्यात जाणार नाही असं सफाई कंत्राटदाराला लेखी द्या. मोजणी मी आणि बाजारातल्या बायका फुकट करून देऊ, वहीत फोटो चिकटवून, रंग आणि कान लिहून. माझ्याकडे दोन पिंजरे आहेत, तिसरा एका डॉक्टरांनी देतो म्हटलंय, चादरी घरच्याच. बंद असलेल्या कट्ट्यांच्या मागे एक खोली आहे, वर्षानुवर्षं तिच्यात मोडके तराजू आणि जुने बॅनर पडलेत, कुलूप पालिकेचं आहे. ती चावी कोणाकडे असते तेवढं मला कळवा, मी येऊन झाडून घेते.

आपली,
बार्देसातली एक रिटायर शिक्षिका